आपत्तीची पहिली घटका आणि शेजारधर्म
मोहल्ल्यातील प्रशिक्षित स्वयंसेवक पथकांची आवश्यकता

हैदराबाद शहराच्या इतिहासात २८ सप्टेंबर १९०८ हा दिवस महापुराचा दिवस म्हणून नोंदला गेला आहे. मुसी नदीच्या पाणलोट क्षेत्रात अखंड कोसळलेल्या पावसाने दोनशेहून अधिक तलाव फुटले आणि त्यांचे पाणी नदीच्या लोंढ्यास मिळून शहरावर चालून आले. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल मोडून पडले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा तगून राहिला. त्या एका दिवसात सुमारे पंधरा हजार माणसे दगावली असावीत, असा अंदाज केला जातो. उर्दूतील ख्यातनाम रुबाईकार अमजद हैदराबादी यांची माता, पत्नी आणि कन्या याच पुरात वाहून गेली.

या महापुराची एक साक्ष आजही उभी आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंचेच्या वृक्षाच्या फांद्यांचा आश्रय घेऊन सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगितले जाते. त्या झाडावर जे चढले ते वाचले. परंतु ज्यांना चढता येत नव्हते त्यांना वर ओढून घेणारा कोणीतरी फांदीवर आधीच असला पाहिजे, हेही उघड आहे. पूल तुटलेले असताना पलीकडच्या तीरावरून मदत येणे शक्य नव्हते. त्या क्षणी जवळ होता तो शेजारी आणि त्याचा हात. आपत्ती निवारणाच्या आधुनिक शास्त्राने अलीकडच्या काळात मांडलेला मुख्य सिद्धांत या एका चिंचेच्या झाडात सामावलेला आहे.

जुन्या कालगणनेत चोवीस मिनिटांच्या अवधीस घटका म्हणत असत. श्वास बंद पडलेल्या मनुष्याच्या मेंदूस चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते. मोठी रक्तवाहिनी तुटली असता काही मिनिटांतच प्राण जाऊ शकतात. बंदिस्त खोलीत लागलेली आग अल्पावधीत साऱ्या मजल्यावर धूर पसरविते. म्हणजे, ज्या अवधीत माणसे वाचतात अथवा दगावतात, तो अवधी पहिल्या घटकेतच संपलेला असतो. अग्निशामक दल, रुग्णवाहिका अथवा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल कितीही तत्पर असले तरी रस्त्यातील अंतर त्यांना टाळता येत नाही. हे अंतर भरून काढणे हेच मोहल्ल्यातील प्रशिक्षित स्वयंसेवक पथकाचे कार्य होय.

सुलतान बाजारचे उदाहरण

या कार्याचे महत्त्व समजून घेण्यासाठी हैदराबादच्या सुलतान बाजारासारख्या वस्तीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. मुसीच्या उत्तरेस, कोठी परिसरात वसलेला हा भाग पूर्वी ब्रिटिश रेसिडेन्सीच्या अखत्यारीत होता आणि रेसिडेन्सी बाजार या नावाने ओळखला जात असे. १९३३ मध्ये तो निजाम सरकारकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. मराठी माणसाच्या दृष्टीने या परिसरास विशेष महत्त्व आहे. मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा भाग असताना शिक्षण, वकिली, व्यापार आणि नोकरी यांच्या निमित्ताने राजधानीत आलेली असंख्य मराठी कुटुंबे या भागात आणि त्याच्या आसपास स्थिरावली. १९०७ साली स्थापन झालेली विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्था याच परिसराचे भूषण होय. १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे तेलुगू ग्रंथालयही येथेच आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, हिंदी, गुजराती आणि मारवाडी या भाषा एकाच गल्लीत कानी पडाव्यात, असा हा बाजार आहे.

परंतु ज्या गुणांमुळे बाजार गजबजतो, तेच गुण आपत्तीच्या वेळी अडचणीचे ठरतात. अरुंद गल्ल्या, खाली कापडाची दुकाने व वर राहती घरे, जिन्यात रचलेले गठ्ठे, डोक्यावरून गेलेल्या विजेच्या तारांची जाळी आणि सणासुदीस पाय ठेवण्यास जागा नसणारी गर्दी, हे येथील नित्याचे दृश्य. अशा गल्लीत अग्निशामक दलाचा मोठा बंब तोंडाशीच थांबतो आणि तेथून पुढे नळ्या ओढत न्याव्या लागतात. जवळच सरकारी प्रसूति रुग्णालय आहे. तेथे नवप्रसूत माता आणि अर्भके असतात. त्यांना घाईने हलविणे किती जोखमीचे असते, हे सांगावयास नको.

या भीती काल्पनिक नाहीत. १८ मे २०२५ रोजी सकाळी चारमिनारजवळील गुलजार हौज भागात एका इमारतीस आग लागून १७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत ८ लहान मुले होती. खाली दुकाने, वर राहते घर आणि आत-बाहेर जाण्यास एकच अरुंद वाट, अशी त्या इमारतीची रचना होती. त्यापूर्वी १६ मार्च २०२३ रोजी सिकंदराबाद येथील स्वप्नलोक संकुलातील आगीत ६ जणांचा अंत झाला, तोही मुख्यतः धुराने गुदमरून. २५ ऑगस्ट २००७ रोजी खुद्द कोठी येथे आणि लुंबिनी उद्यानात झालेल्या बाँबस्फोटांत चाळीसहून अधिक नागरिकांचा बळी गेला.

पाण्याचे संकटही टळलेले नाही. १९०८ च्या महापुरानंतर सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्यानुसार मुसी आणि तिची उपनदी ईसी यांवर अनुक्रमे उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधण्यात आले आणि पुराचे बळ पुष्कळ कमी झाले. तथापि शहर वाढले, तलावांच्या पात्रांत वस्त्या झाल्या आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजल्या. ऑगस्ट २००० आणि ऑक्टोबर २०२० मधील अतिवृष्टीने शहराचे अनेक भाग पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस मुसीचे पाणी सुलतान बाजारापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या महात्मा गांधी बसस्थानकाच्या आवारात शिरले आणि प्रवाशांना बाहेर काढावे लागले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी नदी आपली जुनी वाट विसरलेली नाही.

कल्पनेचा उगम आणि विकास

संकटसमयी नागरिकांनी संघटितपणे पुढे यावे ही कल्पना आपल्या देशास नवीन नाही. मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ रोजी गृहरक्षक दलाची स्थापना झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर नागरी संरक्षणाच्या कार्यास देशभर चालना मिळाली आणि १९६८ मध्ये नागरी संरक्षण अधिनियम संमत झाला. हवाई हल्ल्याच्या प्रसंगी काय करावे, हा या संघटनेचा मूळ हेतू होता. वॉर्डन सेवा, अग्निशमन, अपघात सेवा, विमोचन, संदेशवहन, पुरवठा, कल्याण अशा बारा सेवांमध्ये तिचे काम विभागलेले आहे. २००९ च्या सुधारणेने नैसर्गिक व मानवनिर्मित आपत्तींचे निवारण हेही तिच्या कक्षेत आणण्यात आले. ७ मे २०२५ रोजी देशभरातील २४४ जिल्ह्यांत नागरी संरक्षणाच्या ज्या रंगीत तालमी योजण्यात आल्या, त्यांत हैदराबादचाही समावेश होता.

महाराष्ट्राने या विषयाचा धडा अत्यंत दुःखद रीतीने घेतला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी परिसरास भूकंपाचा तीव्र धक्का बसला. आदल्या दिवशीच गणेशविसर्जन झाले होते आणि थकलेली गावे गाढ झोपेत होती. माती-दगडाच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपलेल्यांच्या अंगावर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे मरण पावली. दिवस उजाडेपर्यंत ढिगारे उपसणारे हात गावकऱ्यांचेच होते. परंतु कोणता दगड आधी काढावा, कोणत्या भिंतीस टेकू द्यावा आणि पाठीच्या कण्यास इजा झालेल्या माणसास कसे उचलावे, हे शिकण्याची संधी त्यांना कधी मिळाली नव्हती. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाही वाहतूक ठप्प झालेल्या महानगरात सामान्य नागरिकांनीच परस्परांना आधार दिला.

अन्य देशांचा अनुभवही असाच आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात झालेल्या भूकंपात अप्रशिक्षित नागरिकांनी ढिगाऱ्याखालून सुमारे आठशे माणसे बाहेर काढली. मात्र हे करताना शंभराहून अधिक स्वयंसेवक स्वतःच प्राणास मुकले. धैर्यास शिक्षणाची जोड नसेल तर वाचविणाराच वाचवून घेण्यास पात्र ठरतो, हे कटू सत्य त्यातून पुढे आले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशामक विभागाने याच सुमारास नागरिकांसाठी सुमारे वीस तासांचा एक अभ्यासक्रम तयार केला आणि मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून पथके उभारण्यास आरंभ केला. १९९३ पासून ही योजना त्या देशात सर्वत्र उपलब्ध झाली. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे शहरात झालेल्या भूकंपात ढिगाऱ्यांतून बाहेर काढलेल्यांपैकी बहुसंख्यांना शेजाऱ्यांनी अथवा नातलगांनीच बाहेर काढले होते.

आपल्या शेजारच्या बांगलादेशाचे उदाहरण तर विशेष मननीय आहे. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथे तीन लाखांहून अधिक माणसे मरण पावली, असे मानले जाते. त्यानंतर किनारपट्टीवरील गावोगावी स्वयंसेवकांची पथके उभारण्यात आली. निशाण, कर्णा आणि सायकल एवढ्या साध्या साधनांनिशी हे स्वयंसेवक वादळाची सूचना घरोघर पोचवितात आणि वृद्धांना व मुलांना निवाऱ्यात नेतात. निवारे, हवामानाचा अंदाज आणि ही पथके या तिहींच्या मेळाने तेथील वादळबळींची संख्या पूर्वीच्या मानाने फारच घटली आहे.

भारतात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा या तीन पातळ्यांवर प्राधिकरणे स्थापन झाली. नागरिकांचे प्रशिक्षण व प्रबोधन सुलभ करणे हे जिल्हा प्राधिकरणाच्या कर्तव्यांपैकी एक आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये ३० पूरप्रवण जिल्ह्यांत प्रत्येकी २०० याप्रमाणे ६,००० स्वयंसेवक तयार करण्याची 'आपदा मित्र' योजना हाती घेतली. पुढे ती ३५० जिल्ह्यांत नेऊन एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. १८ ते ४० वयोगटातील स्त्री-पुरुषांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, साधनसंच आणि विमा संरक्षण, असे या योजनेचे स्वरूप आहे. त्यानंतर राष्ट्रीय छात्रसेना, राष्ट्रीय सेवा योजना, नेहरू युवा केंद्र संघटना आणि स्काउट व गाइड यांतील युवकांसाठी 'युवा आपदा मित्र' ही योजना आखण्यात आली.

पथकाने काय शिकावे?

प्रशिक्षण म्हणजे केवळ व्याख्यान नव्हे. हातांना सवय लागेपर्यंत केलेला सराव हेच त्याचे खरे स्वरूप होय. त्यातील प्रमुख विषय पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला विषय स्वतःच्या सुरक्षिततेचा. स्वयंसेवकाने एकट्याने कोठेही शिरू नये, किमान दोघांनी एकत्र राहावे, आणि जी इमारत एका बाजूस कललेली आहे अथवा जिचे खांब तडकले आहेत तिच्यात पाऊल टाकू नये. अशा ठिकाणी त्याचे काम बाहेरच असते. लोकांना दूर ठेवणे, आत कोण अडकले आहे याची माहिती जमविणे आणि ती अग्निशामक दलास देणे, हेच त्या वेळी मोलाचे साहाय्य होय. मेक्सिकोचा धडा नेमका हाच आहे.

दुसरा विषय आगीचा. आग लहान असेल आणि पाठीमागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल तरच ती विझविण्याचा प्रयत्न करावा. अग्निशामक नळकांड्याची खीळ काढावी, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे न धरता आगीच्या बुडाशी धरावे, मूठ दाबावी आणि डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखा फवारा फिरवावा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये. प्रथम मुख्य खटका बंद करावा. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आल्यास नळकांड्याचा रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि विजेचे कोणतेही बटण लावू नये, तसेच बंदही करू नये, कारण दोन्ही वेळी ठिणगी उडण्याचा संभव असतो. धूर वर चढतो, म्हणून धुरातून बाहेर पडताना जमिनीलगत रांगत यावे. बंद दार उघडण्यापूर्वी हाताच्या मागील बाजूने त्याची ऊब पाहावी. दार तापलेले असेल तर पलीकडे आग आहे असे समजून दुसरी वाट शोधावी. वाट नसेल तर दाराच्या फटीत ओली वस्त्रे कोंबून खिडकीपाशी थांबावे.

तिसरा विषय जखमींची निवड व प्रथमोपचार. जखमी एक असेल तर सारे त्याच्यापाशी धावतात. परंतु वीस असतील तर कोणाकडे प्रथम जावयाचे? मोठ्याने ओरडणाऱ्याकडे सर्वांचे लक्ष जाते, आणि जो निपचित पडला आहे तोच अधिक संकटात असतो. यासाठी तीन साध्या कसोट्या शिकविल्या जातात. श्वासाची गती मिनिटास तीसहून अधिक आहे काय? नख दाबून सोडले असता गुलाबी रंग परतण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो काय? 'माझा हात दाबा' असे सांगितल्यास मनुष्यास ते कळते काय? यांपैकी एकाही कसोटीत धोका आढळल्यास त्या जखमीस लाल चिठ्ठी बांधून प्रथम हलविण्यात येते. थांबू शकणाऱ्यांस पिवळी, चालू शकणाऱ्यांस हिरवी आणि ज्यांचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास सुरू होत नाही त्यांस काळी चिठ्ठी देतात. एका जखमीमागे अर्ध्या मिनिटाहून फारसा अधिक वेळ घालवू नये, असा नियम आहे. काळी चिठ्ठी बांधणे हे स्वयंसेवकाच्या मनास सर्वांत जड जाणारे काम असते. मरणाऱ्याजवळ थांबल्याने वाचू शकणारा दगावतो, हे त्यास आधीच समजावून द्यावे लागते.

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने सतत दाबून धरावे. पुनःपुन्हा उचलून पाहू नये. एकट्या बेशुद्ध मनुष्याचा श्वास थांबला असल्यास १०८ वर कळविण्यास दुसऱ्यास सांगून स्वतः छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. १०८ या आकस्मिक रुग्णवाहिका सेवेचा प्रारंभ २००५ मध्ये हैदराबादेतूनच झाला, ही उल्लेखनीय गोष्ट होय. हाड मोडल्यास काठी, छत्री अथवा घट्ट गुंडाळलेले वर्तमानपत्र यांचाही आधार देता येतो. घोंगडी आणि दोन वेळू यांचे स्ट्रेचर करता येते.

चौथा विषय शोध व विमोचन. ढिगाऱ्यापाशी प्रथम शांतता पाळून हाक द्यावी आणि कान देऊन ऐकावे. पहारीने वजन थोडे उचलावे, लगेच खाली लाकडी ठोकळा सरकवावा, पुन्हा उचलावे, पुन्हा ठोकळा सरकवावा. हे ठोकळे एकावर एक आडवे-उभे रचीत गेल्याने उचललेले वजन परत खाली येत नाही. शोधून झालेल्या घराच्या दारावर खडूने वेळ व निष्कर्ष लिहावा, म्हणजे दुसरे पथक त्याच घरात पुन्हा वेळ घालवीत नाही.

पाचवा विषय पुराचा. वाहत्या पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय होय. प्रथम काठी पुढे करावी, ती पुरत नसेल तर दोर फेकावा, तोही पुरत नसेल तर होडी अथवा तराफा न्यावा. घोट्याच्या वर आलेला वेगवान प्रवाहही मनुष्याचा तोल घालवू शकतो. गढूळ पाण्याखाली उघडे गटार दिसत नाही, म्हणून हातातील काठीने पुढची जमीन चाचपीत चालावे.

मोहल्ल्याची वही

या सर्व कौशल्यांहूनही मोलाची अशी एक गोष्ट बाहेरच्या कोणत्याही दलापाशी नसते, ती म्हणजे स्थानिक माहिती. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, कोणत्या माळ्यावर कारागीर रात्री झोपतात, कोणत्या जिन्याचे वरचे दार कायम कुलूपबंद असते, हे शेजाऱ्यासच ठाऊक असते. म्हणून पथकाने आपल्या गल्लीची वही ठेवावी. तीत प्रत्येक इमारतीचा साधा नकाशा, आत-बाहेर जाण्याच्या वाटा, विजेच्या मुख्य खटक्याची जागा, पाण्याची टाकी, विहीर अथवा बंबास पाणी घेण्याचे ठिकाण, तसेच वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांची नोंद असावी. गल्लीत राहणारे परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, वाहनचालक आणि पोहणारे यांची नावेही तीत असावीत. ही माहिती खाजगी स्वरूपाची असल्याने वही विश्वासू व्यक्तीच्या ताब्यात असावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासली जावी.

बाजारपेठेच्या वस्तीत आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. दिवसा दुकानदार व नोकरवर्ग असतो, रात्री केवळ रहिवासी. दिवसाचे पथक रात्री उपयोगी पडत नाही, आणि रात्री दुकान पेटले तर किल्ली मालकाच्या घरी, चार-पाच मैलांवर असते. म्हणून दिवसाचे व रात्रीचे अशी दोन पथके असावीत आणि दुकानदाराच्या संमतीने किल्लीची व्यवस्था ठरलेली असावी. दुपारच्या वेळी घरी असणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. पथकात त्यांना केवळ भोजनव्यवस्थेपुरते स्थान देणे ही मोठी चूक ठरेल. आगीतून बाहेर पडण्यास कचरणाऱ्या स्त्रियांपर्यंत पोचणे अनेकदा स्त्री-स्वयंसेवकासच शक्य होते. सूचना कोणत्या भाषेत द्यावयाची हाही प्रश्न सुलतान बाजारासारख्या ठिकाणी गौण नाही. 'बाहेर या', 'खाली वाका', 'थांबा' एवढे शब्द मराठी, तेलुगू, उर्दू व हिंदी या चारही भाषांत प्रत्येक स्वयंसेवकास यावेत.

अशा पथकाची उभारणी मोठ्या खर्चाची नसते. शिरस्त्राण, जाड हातमोजे, विजेरी, शिटी, दोर, पहार, लाकडी ठोकळे, प्रथमोपचाराची पेटी आणि खडू एवढे साहित्य आरंभास पुरेसे होते. शाळा, वाचनालये, व्यापारी मंडळे आणि गणेशोत्सव मंडळे ही त्यासाठी तयार असलेली व्यासपीठे आहेत. दहा दिवस सहस्रावधी भाविकांची गर्दी शिस्तीने सांभाळणाऱ्या कार्यकर्त्यांपाशी संघटनेचे कौशल्य आधीच असते. त्यास शास्त्रशुद्ध शिक्षणाची जोड मिळाली पाहिजे.

अडचणी आणि मर्यादा

या कार्यातील अडचणी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. प्रशिक्षणाच्या समाप्तीस प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात आणि वर्षभरात पथक विस्कळीत होते, असे पुष्कळदा घडते. तरुण नोकरीसाठी परगावी जातात, साहित्य कुलपात गंजते, दोर कुजतो. न वापरलेले कौशल्य काही महिन्यांतच विसरले जाते. यावर नियमित उजळणी हाच उपाय आहे. तीन महिन्यांतून एकदा एका तासाचा सराव आणि वर्षातून एकदा अग्निशामक दलाच्या उपस्थितीत संपूर्ण गल्लीची रंगीत तालीम, एवढे तरी झालेच पाहिजे.

दुसरी मर्यादा अधिकाराची. पथक हे शासकीय यंत्रणेस पर्याय नव्हे. अग्निशामक दलाचा अधिकारी घटनास्थळी येताच सूत्रे त्याच्याकडे सोपविली पाहिजेत. त्याचबरोबर अधिकाऱ्यांनीही स्वयंसेवकांस बघ्यांच्या गर्दीत न लोटता त्यांच्यापाशी असलेली माहिती प्रथम विचारून घ्यावी. पथकाची नोंद जिल्हा प्राधिकरणाकडे अथवा नागरी संरक्षण संघटनेकडे असेल, तर हा परस्परविश्वास आधीच निर्माण होतो.

तिसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. अडविलेला जिना, लोंबकळणारी तार आणि बुजविलेला नाला हे दोष दूर न करता केवळ पथक उभारणे म्हणजे घर गळते ठेवून बादल्या जमविण्यासारखे आहे. आपल्या गल्लीतील धोके शोधणे, ते दुकानदारांच्या व महानगरपालिकेच्या निदर्शनास आणणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे पथकाचे शांततेच्या काळातील कर्तव्य होय. जिन्यातील गठ्ठे हलविण्यास शेजाऱ्यास सांगणे हे आगीत शिरण्याहून सोपे नसते, कारण त्यात रोजचे संबंध गुंतलेले असतात. परंतु तेवढ्या एका संकोचाची किंमत पुढे किती मोठी होऊ शकते, हे गुलजार हौजच्या दुर्घटनेवरून दिसून आले आहे.

शेजारधर्म हा शब्द मराठीत फार जुना आहे. आजारपणात विचारपूस करणे, लग्नकार्यास हातभार लावणे, दुःखात सोबत करणे असा त्याचा अर्थ आपण मानीत आलो. ११२ हा क्रमांक फिरविल्यानंतर मदत येईपर्यंतची जी घटका असते, त्या घटकेत काय करावे हे शिकून ठेवणे हाही आता त्या धर्माचाच भाग झाला आहे. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील चिंच १९०८ साली अनायासे तेथे होती. पुढच्या संकटात माणसांना वर ओढून घेणारा हात मात्र अनायासे मिळणार नाही. तो आधीपासून तयार करावा लागेल.